परदेशीपुऱ्याचे गुडघे आणि पन्नास वर्षांच्या गोळ्या

मालवा मिल, कल्याण मिल, हुकुमचंद मिल, राजकुमार मिल यांच्या आधाराने इंदुरातल्या परदेशीपुरा, पाटनीपुरा, नंदानगर या वस्त्या वाढल्या. पाळीभर साच्यापुढे उभं राहायचं, वाकून तुटलेला धागा जोडायचा, सुताची ओझी उचलायची. असं आयुष्य काढलेल्या माणसाचे गुडघे आणि कंबर पन्नाशीतच बोलू लागतात. म्हणून या वस्तीत दुखण्याची गोळी घरोघरी असते आणि डाळ-तांदळाइतक्या सहजपणे आणली जाते. गेल्या पन्नास वर्षांत ही गोळी कितीदा बदलली आणि तिच्याबद्दल काय काय कळत गेलं, ते एकदा मागे वळून पाहायला हवं.

सुरुवात ॲस्पिरिनची. १८९९ पासून ती बाजारात होती, पण ती काम कशी करते हे १९७१ मध्ये जॉन वेन यांनी दाखवून दिलं, आणि पुढे १९८२ चं नोबेल त्यांना मिळालं. सूज आणि वेदना वाढवणारी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं शरीरातच तयार होतात. गोळी ती तयार होऊ देत नाही. अडचण अशी की हीच द्रव्यं जठराचं आतलं अस्तर सांभाळतात आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा चालू ठेवतात. गुडघ्याला मिळणारा आराम आणि पोटाला होणारा त्रास या दोन्हींचं मूळ एकच आहे. पुढचा सारा इतिहास यातूनच घडला. ‘जेवून घेतली, आता काही होत नाही’ आणि ‘इंजेक्शन घेतलं, पोटाचा प्रश्नच नाही’ ही दोन्ही वाक्यं मी आजही ऐकतो. जेवणानंतर घेतल्याने जळजळ कमी होते खरी. पण औषध रक्तात गेलं की तिथून ते जठरापर्यंत पोचतंच, मग ते तोंडाने घेतलेलं असो की सुईने.

आयबुप्रोफेन ब्रिटनमध्ये १९६९ साली विक्रीला आलं, डायक्लोफेनॅक १९७४ मध्ये जपानात. इकडे १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या रेणूवरची मक्तेदारी काढून टाकली आणि ही औषधं देशी कंपन्यांना स्वस्तात बनवता आली. गरिबाला वेदनेतून सुटका परवडू लागली, हे या कायद्याचं मोठं देणं. मी ते कधीच कमी लेखणार नाही.

मग मिल बंद पडल्या. १२ डिसेंबर १९९१ ला हुकुमचंद मिलला टाळं लागलं. नोकरी होती तोवर दुखलं की कामगार विम्याच्या दवाखान्यात जायचं, डॉक्टर तपासायचे, रक्तदाब पाहायचे. नोकरी गेली तशी ती वाटही बंद झाली आणि मेडिकलचं काउंटर हाच दवाखाना झाला. ‘भिया, घुटने की दे दो’ म्हटलं की कात्रीने पट्टी कापून चार गोळ्या हातात. कापलेल्या तुकड्यावर कधी नाव अर्धं, कधी मुदत गायब. डायक्लोफेनॅक कायद्याने चिठ्ठीशिवाय विकायचं औषध नाही. त्याहून वाईट म्हणजे कागदाच्या पुडीतल्या सुट्या, बिननावाच्या गोळ्या. त्यात पुष्कळदा स्टेरॉइड असतं. दोन दिवसांत माणूस चालू लागतो, म्हणून पुडी देणाऱ्याचं नाव होतं.

नव्वदीत निमेसुलाइड आलं आणि पोटाला सौम्य म्हणून मुलांच्या तापातही दिलं जाऊ लागलं. यकृताच्या धोक्यामुळे फिनलंड आणि स्पेनने ते २००२ मध्ये थांबवलं. आपल्याकडे बारा वर्षांखालच्या मुलांसाठी बंदी यायला २०११ उजाडलं. रोफेकॉक्सिबची गोष्ट आणखी मोठी. पोट राखणारं औषध म्हणून ते १९९९ मध्ये अमेरिकेत आलं आणि ३० सप्टेंबर २००४ ला कंपनीनेच जगभरातून मागे घेतलं, कारण अठरा महिन्यांहून जास्त काळ घेणाऱ्यांत हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका जवळपास दुप्पट दिसला. त्याच वर्षी डिसेंबरात भारतातही बंदी आली. २०१३ मध्ये युरोपच्या नियामकांनी सांगितलं, की हृदयाच्या बाबतीत डायक्लोफेनॅकचा धोकाही याच जातीचा आहे. हृदयविकार किंवा पक्षाघात होऊन गेलेल्याने ते घेऊ नये. ही गोष्ट काउंटरपर्यंत पोचलेली मला दिसत नाही, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं.

२००६ साली चिकुनगुन्या आला. देशभरात सुमारे चौदा लाख संशयित रुग्ण. ताप गेला तरी सांधे महिनोन्‌महिने धरलेले, आणि त्या दुखण्यावर जो तो आपल्या मनाने गोळ्या घेत राहिला. डेंग्यूची शंका असेल तर या गोळ्या मुळीच नकोत, रक्तस्रावाचा धोका वाढतो. तापात पॅरासिटामॉलच बरं. त्याच वर्षी सरकारने डायक्लोफेनॅक जनावरांसाठी बंद करायला लावलं. मेलेल्या गुरांतून ते पोटात गेलेल्या गिधाडांची मूत्रपिंडं निकामी होत होती. गिधाडांची सहनशक्ती फारच कमी हे खरं, पण हे औषध मूत्रपिंडाशी काय करू शकतं ते जगाला अशा रीतीने दिसलं.

माणसाचं मूत्रपिंड सहसा हळूहळू थकतं. शेजारच्या एका निवृत्त विणकर काकांचा औषधांचा डबा मी पाहिला आहे. रक्तदाबाची गोळी, लघवी वाढवणारी गोळी, आणि दोन वेगळ्या नावांच्या पट्ट्या, दोन्हींत डायक्लोफेनॅक. माळव्यातला मे महिना, अंगातलं पाणी कमी, आणि ही तीन औषधं एकत्र. मूत्रपिंडाचं काम कळायला रक्तातलं क्रिएटिनिन तपासा, असं त्यांना कोणीच सांगितलेलं नव्हतं. हृदयासाठी ॲस्पिरिन चालू असेल तर आयबुप्रोफेन तिचा गुण अडवू शकतं, तेही माहीत नव्हतं.

हुकुमचंदच्या कामगारांना थकबाकी मिळाली ती डिसेंबर २०२३ मध्ये, सुमारे २२४ कोटी रुपये. जे हयात आहेत ते आता साठी-सत्तरीत, म्हणजे या गोळ्यांचा धोका सर्वांत जास्त असतो त्या वयात. त्यांच्या गुडघ्यांसाठी आधी डायक्लोफेनॅकचं जेल लावून पाहावं, रक्तात त्याचा फार थोडा अंश जातो. मांडीचे स्नायू बळकट करणारे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्यावेत. गोळी लागलीच तर एकच, कमीत कमी मात्रेत, मोजक्या दिवसांपुरती, आणि आधी डॉक्टरांना आपला रक्तदाब, मूत्रपिंड, जुना अल्सर, चालू गोळ्या सगळं सांगून. शौचाला डांबरासारखं काळं झालं, पाय सुजले किंवा लघवी कमी झाली, तर गोळी तिथेच थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.