नजर का चुकते?

‘माझ्याकडे बघून बोल ना!’ किती सहज म्हणतो आपण. नजर चुकवणाऱ्या स्वमग्न माणसाला समोरच्याची पर्वा नाही, असा आपला सोयीस्कर समज. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या नौशीन हाजीखानी आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली तो खोडला. एमआरआय यंत्रात स्वमग्न व्यक्तींना चेहरे दाखवले. नजर डोळ्यांच्या भागावरच खिळावी म्हणून तिथे खूण ठेवली. तेव्हा मेंदूच्या खोल भागात, चेहऱ्यांची तत्काळ दखल घेणाऱ्या यंत्रणेत, इतरांपेक्षा जास्त खळबळ उठली. भेदरलेल्या चेहऱ्यांच्या वेळी तर विशेष. म्हणजे भावना पोहोचत नाही असं नव्हे, ती फार जोरात आदळते. (सगळ्यांचं सारखंच असतं असं नाही, हेही खरं.) तेव्हा बोलताना कुणी खिडकीकडे पाहत असेल, तर खुशाल पाहू द्या.