बंदराची वाट दाखविणारे दोन दिवे

दीपगृहाचा एकटा दिवा किनारा कोठे आहे, हे खलाशाला सांगतो. परंतु बंदरात शिरण्यासाठी तेवढी माहिती पुरेशी नसते. दिव्याच्या रोखाने कोणत्याही बाजूने येता येते. बंदराच्या मुखाशी पाण्याखाली खडक असतील, तर खोल पाण्याची अरुंद वाट नेमकी सापडावी लागते. ही अडचण जोडदिव्यांनी दूर होते. नौकानयनात त्यांना 'रेंज लाइट्स' म्हणतात.

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात, मिशिगन सरोवराच्या काठी, बेलीज हार्बर हे बंदर आहे. १८४८ मध्ये कॅप्टन बेली यांनी वादळात येथे आसरा घेतला, म्हणून त्यास हे नाव पडले. वादळात सापडलेल्या जहाजांना हे बंदर आधार देई. मात्र त्याच्या मुखाशीच खडक होते. म्हणून १८६९ मध्ये किनाऱ्यावर दोन दीपमनोरे बांधण्यात आले. पाण्याजवळचा मनोरा सुमारे २१ फूट उंच असून त्याच्या मागे सुमारे ९५० फुटांवर दुसरा, अधिक उंच मनोरा आहे. दोहोंना जोडणारी रेषा पाण्यात वाढविली, की ती सुरक्षित वाटेवरून जाते.

रस्त्याकडेच्या विजेच्या दोन खांबांच्या बरोबर रेषेत उभे राहिल्यास मागचा खांब पुढच्याआड लपतो. थोडे बाजूला सरकताच दोन्ही खांब वेगळे दिसू लागतात. येथेही तोच नियम लागू पडतो. मागचा दिवा उंचावर असल्यामुळे तो झाकला जात नाही. बंदराकडे येताना दोन्ही दिवे एकावर एक दिसले, तर जहाज योग्य मार्गावर आहे असे समजावे. खालचा दिवा डावीकडे सरकलेला दिसला, तर जहाज उजवीकडे गेले आहे. तेव्हा ते डावीकडे वळवावे. थोडक्यात, खालचा दिवा ज्या बाजूस सरकेल, त्या बाजूस जहाज न्यावे. रेषा कोठे सोडावी, हे मात्र नकाशावरूनच ठरवावे लागते.

दोहोंपैकी एक दिवा विझला, तरी ही रेषा नाहीशी होते. म्हणून दोन्ही दिवे रात्रभर तेवत ठेवणे, हे दीपरक्षकाचे मोठे कर्तव्य असे. मागचा मनोरा त्याच्या निवासस्थानावरच उभारलेला होता.

१९६९ मध्ये हे जोडदिवे बंद होऊन त्यांच्या जागी एकच दिशादर्शक दिवा आला. जुने मनोरे मात्र जतन करण्यात आले आहेत. जगातील अनेक बंदरांत जोडदिवे आजही जहाजांना वाट दाखवितात.