खासगी रानातली करडी खार
ब्रिटनमधली करडी खार मूळची उत्तर अमेरिकेची. एकोणिसाव्या शतकात हौसेखातर आणून सोडलेली. उन्हाळ्याच्या तोंडावर ती बीच, ओक अशा 10 ते 40 वर्षांच्या झाडांची साल दातांनी सोलते. खोडाभोवतीचं पूर्ण कडं सोललं गेलं, की त्यावरचा भाग वाळतो. शिवाय तिच्या अंगातला विषाणू तिथल्या लाल खारींच्या जिवावर उठतो. तिला स्वतःला सहसा काही होत नाही!

रानमालक पिंजरे लावतात किंवा बंदूक चालवतात. पिंजरा रोज पाहावा लागतो. सापडलेली खार परवान्याशिवाय सोडणं बेकायदा, बुडवून मारणंही गुन्हाच. खरी अडचण बांधापलीकडची: शेजारी स्वस्थ बसला, तर रिकामं केलेलं रान काही आठवड्यांत पुन्हा भरतं. त्यामुळे शेजाऱ्यांनी मिळून, साल सोलायचा हंगाम येण्याआधीच पिंजरे लावलेले बरे.