खडकातला बहुरूपी

बहुरूपी दारात येतो तेव्हा कधी पोलीस असतो, कधी आणखी कुणी. तरी मोठी माणसे त्याला ओळखतात, कारण सोंग नवे असले तरी चपला त्याच जुन्या असतात. समुद्रातही असा एक बहुरूपी आहे, ऑक्टोपस. मराठीत त्याला अष्टपाद म्हणतात. त्यालाही चपलांवरूनच ओळखायचे असते. म्हणजे कसे, ते सांगतो.

आपल्या चऱ्होलीला इंद्रायणी आहे, समुद्र नाही. माझी मावशी रत्नागिरीजवळ राहते. तिथे ओहोटीला पाणी मागे गेले की काळे कातळ उघडे पडतात आणि त्यांच्या खाचांत पाण्याची डबकी राहतात. ऑक्टोपस अशा डबक्यात किंवा कपारीत बसतो. मुंबईच्या खडकाळ किनाऱ्यावरही तो दिसतो. तिथे २०१७ सालापासून 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' नावाचा गट लोकांना ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर नेऊन असे प्राणी दाखवतो.

ऑक्टोपसला आठ हात, तीन हृदये आणि निळे रक्त असते. अंगात हाड एकही नाही, म्हणून तो एवढ्याशा भोकातून आत जातो. त्याच्या कातडीत रंगाच्या बारीक बारीक पिशव्या असतात. फुग्यावर शाईचा ठिपका काढा आणि फुगा ताणा. ठिपका पसरतो ना? तसेच तो पिशव्या ताणतो आणि सोडतो. क्षणात रंग बदलतो. थंडीत आपल्या अंगावर काटा येतो तशी त्याची कातडीसुद्धा वर येते आणि खडबडीत दगडासारखी दिसते. गंमत म्हणजे त्याला स्वतःला रंग ओळखता येत नाहीत!

मग तो शोधायचा कसा? काका म्हणाले, "ऑक्टोपस शोधू नकोस. त्याचं खरकटं शोध." तो खेकडे आणि शिंपले खातो आणि टरफले दाराबाहेर टाकतो. एखाद्या भोकापुढे रिकाम्या कवचांचा ढीग दिसला की तिथे थांबायचे. आपली सावली पाण्यावर पडू द्यायची नाही. पाणी हलवायचे नाही. दगड पाहत बसायचे. सगळे दगड गप्प असतात, पण एक दगड हळूच फुगतो आणि बसतो. तो दगड नाही, तो श्वास घेतोय. मग डोळा शोधायचा. डोळ्यात आडवी काळी फट असते. अंग तिरके झाले तरी ती फट आडवीच राहते. मला कवचे लगेच दिसली, पण डोळा दिसायला फार वेळ लागला. आपल्याकडे माळावर टिटवीची अंडी अशीच असतात, पायाशी असली तरी दिसत नाहीत.

तिथे दोन मोठी मुले आली. त्यांच्या हातात लोखंडी आकडी होती. ती भोकात घालणार होती. काकांनी त्यांना विचारले, "आत आई असली तर?" ऑक्टोपसची मादी बिळाच्या छताला माळेसारखी अंडी लावते. मग त्यांच्यावर पाण्याचा झोत सोडत राखण करते. तेव्हा ती काही खात नाही. पिल्ले बाहेर पडली की ती मरते. ती आधीच मेली किंवा हुसकली तर अंड्यांना कोणी नाही. मुले थोडा वेळ उभी राहिली आणि आकडी घेऊन निघून गेली. आत मादी होती की नर, ते आम्हाला शेवटपर्यंत कळले नाही.

दगड उचललाच तर जसा होता तसाच परत ठेवावा, कारण खालचे जीव उन्हात मरतात. भोकात बोट घालू नये, ऑक्टोपसला पोपटासारखी चोच असते. उष्ण समुद्रात निळ्या कड्यांचा एक छोटा ऑक्टोपस असतो, त्याच्या विषाने माणूससुद्धा मरतो. शेवाळावर पाय घसरतो. आणि समुद्राकडे पाठ करून बसायचे नाही. भरतीचे पाणी खाचांतून आपल्या मागे येते आणि वाट बंद करते. पाणी वळले की आपणही वळायचे.

वेळ काढायला कोकणात सोपे गणित आहे. तिथीला ३ ने गुणायचे आणि ४ ने भागायचे, भरतीची वेळ येते. थोडा फरक पडतो. ओहोटी त्याच्या सुमारे ६ तास आधी किंवा नंतर. अष्टमीला पाणी कमी हटते, त्याला भांग म्हणतात. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते, तेव्हा पाणी खूप लांब जाते. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला अमावास्याच असते. भाऊबीजेची तिथी २. दोन त्रिक सहा, भागिले ४, म्हणजे दीड वाजता भरती. ओहोटी सकाळी साडेसातला. ज्यांचे मामा कोकणात आहेत त्यांनी आईला आत्ताच सांगून ठेवा.