सूर्यास्ताच्या आत डहाणू

आपल्या व्यापारी कुटुंबांत प्रवासाला बहुधा दोनच निमित्ते असतात, तीर्थयात्रा किंवा लग्नकार्य. सहलीसाठी सहल हा प्रकार तरुण मंडळींनी आपल्यापुरता करून घेतला आहे. ती मित्रांबरोबर गोव्याला जातात, वडीलधारी मंडळी पालिताणा-शंखेश्वरला जातात आणि तीन पिढ्या एका छताखाली तीन दिवस निवांत बसल्या आहेत, असे वर्षानुवर्षे घडत नाही. कारण विचारले तर उत्तर ठरलेले असते. बांना चोविहार आहे, बापूजींना रोज पूजा आहे, बाहेर कंदमुळाचे जेवण आहे, तिथी आडवी येते. ही कारणे खरी आहेत; परंतु त्यांच्यामुळे समुद्रकाठचा मुक्काम अशक्य होतो, हे मात्र खरे नाही. बेत आखताना त्यांना शेवटी न ठेवता आरंभीच धरले, तर तोच बेत अधिक सुटसुटीत होतो. भिवंडीकरांसाठी असा बेत डहाणू-बोर्डी पट्ट्यात उत्तम जमतो.

अलिबाग-मुरूडचे नाव प्रथम निघते, हे मान्य. जंजिरा पाहण्यासारखा आहे यात शंका नाही. पण भिवंडीहून जायचे तर मुंबई महानगराच्या गर्दीचा मोठा भाग ओलांडावा लागतो, शनिवार-रविवारी रस्ते तुंबलेले असतात आणि अलिबागला राहून जंजिरा पाहून यायचे म्हटले, की अख्खा दिवस त्यातच जातो. सूर्यास्तापूर्वी जेवण उरकायचे असलेल्या घराला हे परवडत नाही. डहाणू आपल्यापासून शंभर-सव्वाशे किलोमीटर आहे. मोटारीने वाडा-मनोरमार्गे महामार्ग गाठून चारोटी नाक्यावरून आत वळावे. मात्र वाड्याचा रस्ता सध्या कसा आहे, याची चौकशी आपल्या ट्रकवाल्याकडेच करावी. रेल्वेने जायचे तर भिवंडी रोडहून वसई रोड आणि तेथे गाडी बदलून डहाणू रोड. 2013 पासून उपनगरी लोकल डहाणू रोडपर्यंत धावते. ती पकडायची, पण गर्दीची वेळ टाळून.

कधी जावे, हा प्रश्न स्थळाहून महत्त्वाचा आहे. चातुर्मासात प्रवास वर्ज्य मानणाऱ्या घरांना दिवाळीची सुटी उपयोगाची नाही; त्यांचा मोसम कार्तिकी पौर्णिमेनंतर सुरू होतो. नाताळात दर चढलेले असतात. जानेवारीचा शेवटचा आठवडा मला सर्वांत योग्य वाटतो. दरमहा विवरणपत्र भरणाऱ्या पेढीला 11 आणि 20 या जीएसटीच्या तारखा चुकवता येत नाहीत आणि महिनाअखेरीस पगार व उधारीचा हिशोब असतो. तेव्हा 21 ते 27 या दिवसांत दुकानाचा जीव जरा मोकळा असतो. 26 जानेवारीची सुटी त्यातच येते. शिवाय या आठवड्यात सूर्य साडेसहाच्या सुमारास मावळतो. डिसेंबरच्या आरंभी तो सहालाच मावळतो आणि तो अर्धा तास फार मोलाचा असतो.

मुक्काम डहाणू शहरापेक्षा घोलवड-बोर्डीकडे करावा. सुरूच्या झाडांमागे चिकूच्या वाड्या आहेत, त्यांत पारशी-इराणी कुटुंबांची जुनी घरे आहेत आणि काहींत पाहुण्यांची सोय होते. खोली ठरवण्यापूर्वी स्वयंपाकाचे बोलणे करावे. नुसते ‘जैन जेवण’ सांगून भागत नाही. पुष्कळ ठिकाणी त्याचा अर्थ कांदा-लसूण नको एवढाच घेतला जातो आणि भाजीत बटाटा व आमटीत आले हजर होते. कांदा, लसूण, बटाटा, आले, गाजर, मुळा, बीट ही नावे लिहून पाठवावीत आणि संध्याकाळचे जेवण पाच वाजता हवे, हेही लिहावे. भांडी वेगळी मिळतील का, हे ज्यांना विचारायचे त्यांनी निःसंकोच विचारावे. उत्तर नकारार्थी आले तर दुसरे घर पाहावे. तेथे जाऊन यजमानाशी वाद घालू नये. सोबत खाखरे न्यावेत, कारण थेपले दुसऱ्या दिवशी वासी होतात. उकाळलेल्या पाण्यासाठी एक विजेची किटली पिशवीत असावी.

आता समुद्राविषयी. डहाणूचा किनारा सपाट आहे. ओहोटीला पाणी इतके दूर जाते की पोहोचताच मुलांचा विरस होतो. येथे कोकणातला जुना हिशोब उपयोगी पडतो: पक्षातील तिथीला पाऊणने गुणले की भरतीची अदमासे वेळ निघते. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा, चौदसीला साडेदहा. पुढची ओहोटी त्यानंतर सुमारे सहा तासांनी. हा हिशोब मुंबईच्या आसपासचा आहे. उत्तरेकडे थोडा उशीर धरावा आणि पाण्यात उतरण्यापूर्वी छापील वेळापत्रक पाहावे. ज्या घरात आठम-चौदस तोंडपाठ आहे, तेथे हा गुणाकार आजीनेच करावा. अष्टमीच्या संध्याकाळी पाणी पायाशी आलेले असते आणि भरती सौम्य असते, तिला भांगाची भरती म्हणतात. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असते. पाणी दुपारी जोरात चढते आणि संध्याकाळी दूर हटलेले असते. त्या हटलेल्या पाण्यामागे मुलांना धावू देऊ नये.

साडेपाचला जेवण आटोपलेले, पच्चक्खाण घेतलेले आणि अजून तासभर ऊन शिल्लक, अशा वेळी सारे कुटुंब किनाऱ्यावर चालत जाऊ शकते. इतर पाहुणे सूर्यास्तानंतर जेवणासाठी रांगा लावतात, तेव्हा आपली मंडळी प्रतिक्रमणाला बसलेली किंवा ओसरीवर गप्पा मारत असतात. भेळपुरी मात्र सुटते. तरुणांनी एवढे सोसावे.

एक गोष्ट घरातून निघतानाच मुलांना समजावून द्यावी. हा किनारा मच्छीमारांचाही आहे. बंदराकडे मासळी उतरते, वाळत घातलेली असते, तिचा वास येतो. आपली अहिंसा आपल्या आचरणात असावी. दुसऱ्याच्या अंगणातून नाकाला पदर लावून जाण्यात ती नाही. ज्यांना पाहवत नाही त्यांनी बोर्डीच्या बाजूचा किनारा धरावा.

दिवसाच्या फेऱ्यांमध्ये पहिला मान कोसबाडचा. तेथे मल्लिनाथ भगवानांच्या नावाने ओळखले जाणारे जैन तीर्थ आहे; सकाळची पूजा तेथे व्हावी. त्याच कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचे काम उभे राहिले. ताराबाईंनी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर बालशिक्षणाचे काम केले होते. गिजुभाईंच्या बालवार्ता आपल्यापैकी अनेकांनी गुजरातीतून वाचल्या असतील. 1945 साली ताराबाईंनी बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले आणि पुढे ते कोसबाडला नेले. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळा पाड्यावर नेऊ, या विचारातून अंगणवाडी रुजली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी तर कुरणशाळा निघाली. ताराबाईंना 1962 मध्ये पद्मभूषण आणि अनुताईंना 1985 मध्ये पद्मश्री मिळाली. शाळांना देणग्या देणाऱ्या आपल्या समाजाने, इमारतीवाचूनही शाळा कशी चालते, ते या टेकडीवर येऊन जाणून घ्यावे, असे मला वाटते.

दुसरा दिवस संजाणचा. पारशी समाज या भूमीवर प्रथम स्थिरावला तो येथे. त्याच्या स्मरणार्थ 1920 मध्ये उभारलेला स्तंभ आहे. संजाणवर आक्रमण झाले तेव्हा पवित्र अग्नी बहारोटच्या डोंगरातील लेण्यांत सुमारे बारा वर्षे जपला, अशी त्यांची परंपरा सांगते. बोर्डीहून बहारोट जवळ आहे, पण चढण दमवणारी आहे. तरुणांनी पहाटे निघून दुपारपूर्वी उतरावे; ज्येष्ठांनी त्या वेळात भिलाडजवळच्या नंदीग्राम तीर्थाचे दर्शन घ्यावे. तो अग्नी 1742 पासून उदवाड्याला आहे. अग्यारीत अन्यधर्मीयांना प्रवेश नाही, म्हणून केवळ त्यासाठी धावपळ करू नये. वारली चित्रकलेची आवड असल्यास गंजाडकडे तासभर वळावे; पद्मश्री जिव्या सोमा म्हसे यांचे हे गाव.

परतीच्या दिवशी वसईत गाडी बदलण्याआधी नालासोपाऱ्याला उतरावे. नवपदाच्या ओळीत श्रीपाल-मयणासुंदरीची कथा ऐकताना ठाणे आणि सोपारा ही नावे कानावर पडतात. ते सोपारा हेच. हे प्राचीन बंदर, शूर्पारक. 1882 मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी येथील बौद्ध स्तूप उत्खनन करून उजेडात आणला, अशोकाच्या शिलालेखाचा तुकडाही त्याच वर्षी मिळाला. जवळच आगाशीला मुनिसुव्रतस्वामींचे प्रसिद्ध जिनालय आहे. तेथे दर्शन करून विरारहून वसई गाठता येते.

चिकूची पेटी परतीच्या सकाळी घ्यावी, आधी नव्हे. डहाणू-घोलवडच्या चिकूला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे, त्यामुळे नावाने विकला जाणारा प्रत्येक चिकू तेथलाच असेल असे नाही; थेट वाडीतून घ्यावा. कडक फळे घेतली तर घरी पोहोचून तीन-चार दिवसांनी पिकतात. त्या दिवशी लीलोतरीच्या त्यागाची तिथी येत नाही ना, हे पंचांगात पाहून मगच पेटी किती मोठी घ्यायची ते ठरवावे.