शौर्य जमेला, चुका कोणाच्या खाती?

रणांगणावरील विजयाची कथा पडद्यावर आणण्यात फारशी अडचण येत नाही. फसलेल्या मोहिमेची कथा सांगणे मात्र अवघड असते. प्रेक्षकाने तिकीट काढून तीन तास पराभव पाहावा आणि तरीही चित्रपटगृहातून बाहेर पडताना त्याची मान ताठ असावी, अशी येथे दुहेरी अपेक्षा असते. ती पुरी करण्याचा राजमार्ग चित्रपट-व्यवसायाने फार पूर्वीच शोधून काढला आहे. सैनिकाचे शौर्य जमेच्या बाजूला इतके ठळक मांडावयाचे की खर्चाच्या बाजूकडे कोणाचे लक्षच जाऊ नये. या शौर्याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु मोहीम फसते ती बहुधा सैनिक कमी पडला म्हणून नव्हे. साधनांची वाटणी चुकलेली असते, अप्रिय माहिती बाजूला सारलेली असते, आणि निर्णय घेणारा एक व त्याची किंमत मोजणारा दुसराच, अशी स्थिती असते. युद्धपटांतून नेमका हाच हिशेब गहाळ होतो. ज्या समाजाला तो दुसरीकडे कोठे पाहावयास मिळत नाही, त्याच्या दृष्टीने ही केवळ कलेच्या प्रांतातील उणीव राहत नाही.

आर्नहेमचा पूल

या प्रकारातील सर्वांत प्रामाणिक प्रयत्नांत रिचर्ड अ‍ॅटनबरो यांच्या १९७७ च्या ‘अ ब्रिज टू फार’ या चित्रपटाची गणना करावी लागेल. पुढे १९८२ मध्ये ‘गांधी’ काढणाऱ्या या दिग्दर्शकाने कॉर्नेलियस रायन यांच्या १९७४ च्या ग्रंथाच्या आधारे सप्टेंबर १९४४ मधील ‘मार्केट गार्डन’ मोहिमेची कथा मांडली. मोहिमेची कल्पना माँटगोमेरी यांची. हॉलंडमधील नद्या व कालवे यांवरील पूल दोस्तांच्या छत्रीधारी सैन्याने अचानक उतरून ताब्यात घ्यावयाचे, दक्षिणेकडून रणगाड्यांच्या दलाने एकाच अरुंद रस्त्याने सुमारे १०० किलोमीटर मुसंडी मारून त्यांना गाठावयाचे, आणि आर्नहेम येथे ऱ्हाईन ओलांडून जर्मनीचे दार उघडावयाचे. युद्ध नाताळपूर्वी संपेल, अशी आशा त्यामागे होती.

प्रत्यक्षात १७ सप्टेंबरला सुरू झालेली ही मोहीम नऊ दिवसांत संपुष्टात आली. आर्नहेमच्या पुलाचे उत्तरेकडील टोक लेफ्टनंट कर्नल फ्रॉस्ट यांच्या हाताखालील सुमारे ७४० सैनिकांनी तीन दिवस आणि चार रात्री धरून ठेवले. वस्तुतः हे काम एका संपूर्ण डिव्हिजनचे होते. आर्नहेमच्या लढाईत उतरलेल्या सुमारे १०,००० सैनिकांपैकी नदी ओलांडून परत आले ते २,५०० हूनही कमी. जवळजवळ १,५०० मारले गेले आणि ६,००० हून अधिक कैद झाले.

अ‍ॅटनबरो यांनी यातील पुष्कळ गोष्टी लपविलेल्या नाहीत. आर्नहेमच्या परिसरात जर्मनांची दोन चिलखती डिव्हिजन विश्रांती घेत असल्याची सूचना ब्रायन अर्कहार्ट या तरुण गुप्तवार्ता अधिकाऱ्याने आधीच दिली होती. छायाचित्रे दाखवूनही त्याचे कोणी ऐकले नाही. उलट त्याला प्रकृतीच्या कारणावरून रजेवर धाडण्यात आले. चित्रपटात हा प्रसंग आहे, फक्त अधिकाऱ्याचे नाव बदलले आहे. बिनतारी यंत्रे निकामी ठरली, सैन्य पुलापासून सुमारे १३ किलोमीटर दूर उतरविले गेले, हेही पडद्यावर दिसते. पोलिश ब्रिगेडचे प्रमुख सोसाबोव्स्की यांचा उघड अविश्वासही दिसतो.

तथापि दोषाचे माप कोणाच्या पदरात पडते हे पाहण्यासारखे आहे. माँटगोमेरी यांचे नाव निवेदनात आणि संवादांत येते, पण पात्र म्हणून ते पडद्यावर येतच नाहीत. सारा भार डर्क बोगार्ड यांनी रंगविलेल्या जनरल ब्राउनिंग यांच्यावर पडतो. ब्राउनिंग १९६५ मध्येच निवर्तले होते. त्यांच्या पत्नी, कादंबरीकार डॅफ्ने द्यु मॉरिए, यांना हे चित्रण अन्यायाचे वाटले. ब्राउनिंग निर्दोष होते असे नव्हे. विमाने व ग्लायडर यांची एवढी टंचाई असताना त्यांनी आपल्या मुख्यालयासाठी ३८ ग्लायडर वापरले. सोसाबोव्स्की यांच्यावर ठपका ठेवून त्यांचे सेनापतिपद काढून घेण्यातही त्यांचा हात होता. त्या पोलिश सेनानीला हॉलंडने मरणोत्तर सन्मानित केले ते २००६ मध्ये. परंतु एका अहंमन्य अधिकाऱ्याच्या स्वभावातून एवढी मोठी मोहीम फसली, असा ग्रह झाल्यास मूळ कारण नजरेआड होते.

अँटवर्प बंदराची किंमत

ते कारण साधनांच्या वाटपाचे होते. ऑगस्ट १९४४ अखेर दोस्तांचे सैन्य वेगाने पुढे सरकले, पण त्याचा बहुतेक पुरवठा अजून शेकडो किलोमीटर मागे असलेल्या नॉर्मंडीच्या किनाऱ्यावरून मालमोटारींनी येत होता. माल वाहणाऱ्या मोटारीच पेट्रोलचा मोठा वाटा पिऊन टाकीत. यावर इलाज एकच होता : आघाडीजवळ मोठे बंदर मिळविणे. तसे बंदर ४ सप्टेंबरला हाती आलेही. बेल्जियममधील अँटवर्प जवळजवळ शाबूत स्थितीत मिळाले. परंतु समुद्रापासून अँटवर्पपर्यंत येणाऱ्या शेल्ड्ट नदीच्या मुखाचे दोन्ही काठ जर्मनांच्या ताब्यात होते, आणि ते मोकळे केल्याखेरीज बंदराचा उपयोग शून्य होता. त्याऐवजी माणसे, विमाने व इंधन आर्नहेमकडे वळविण्यात आले. अँटवर्पला पहिला जहाजांचा ताफा लागला तो २८ नोव्हेंबरला.

एखाद्या निर्णयाची खरी किंमत म्हणजे त्याच्यापायी सोडून द्यावा लागलेला दुसरा उत्तम पर्याय, हे अर्थशास्त्राच्या पहिल्याच धड्यात शिकविले जाते. या मापाने पाहता आर्नहेमच्या किंमतीत जवळजवळ तीन महिने रिकामे पडून राहिलेले बंदरही धरावे लागेल. दुसरी बाजूही तशीच बोलकी आहे. प्रचंड खर्चाने उभारलेले छत्रीधारी सैन्य नॉर्मंडीनंतर इंग्लंडमध्ये स्वस्थ बसून होते. एकामागून एक बेत आखले जात आणि रद्द होत. महागडे यंत्र आणले आहे, तेव्हा ते चाललेच पाहिजे, असा दबाव कारखान्यात निर्माण होतो, तसाच तो तेथेही होता. अशा वेळी छायाचित्रे घेऊन येणारा अधिकारी आजारी ठरतो, यात नवल नाही.

हे सारे चित्रपटात का नाही, याचे उत्तर कठीण नाही. रिकाम्या बंदराचे दृश्य कोणी पाहात नाही. पुलावर धडाडणाऱ्या तोफा सर्वजण पाहतात. पण यामुळे आणखी एक गोष्ट निसटते. मोहिमेला साहाय्य म्हणून लंडनमधील निर्वासित डच सरकारने १७ सप्टेंबरलाच रेल्वे कामगारांना संपाची हाक दिली. संप झाला, मोहीम फसली, आणि जर्मनांनी सूड म्हणून पश्चिम हॉलंडकडे जाणारे अन्नधान्य काही आठवडे अडविले. पुढे कालवे गोठले, इंधन संपले. त्या ‘भुकेच्या हिवाळ्यात’ सुमारे २०,००० माणसे मृत्युमुखी पडली. आर्नहेममधील नागरिकांना शहर सोडावे लागले; शहर मुक्त झाले ते एप्रिल १९४५ मध्ये. अ‍ॅटनबरो यांनी अखेरीस सामान घेऊन निघालेले एक डच कुटुंब दाखविले आहे, ही त्यांची समज. तथापि नव्वद टक्के यश मिळाल्याचा जो दावा माँटगोमेरी यांनी केला, त्या हिशेबात ही २०,००० माणसे कोठेच नव्हती.

दोष दुसऱ्याच्या माथी

इतर युद्धपटांनी हिशेब चुकविण्याच्या आणखी दोन रीती रूढ केल्या आहेत. पहिली रीत, दोष परक्याच्या माथी मारण्याची. पीटर वेअर यांचा १९८१ चा ‘गॅलिपोली’ हा हृदयस्पर्शी चित्रपट ७ ऑगस्ट १९१५ रोजी ‘नेक’ या चिंचोळ्या पट्टीवर झालेल्या हल्ल्याशी येऊन थांबतो. ऑस्ट्रेलियन घोडदळाचे सैनिक पायी, लाटेमागून लाट, तुर्की मशीनगनपुढे धावले आणि २३४ जण मारले गेले. सुव्ला येथे चहा पीत बसलेल्या इंग्रजांसाठी हे बलिदान झाले, असे चित्रपट सुचवितो. प्रत्यक्षात हल्ला न्यूझीलंडच्या तुकड्यांना साहाय्य करण्यासाठी होता, आणि तो चालू ठेवण्याचा आग्रह धरणारा ब्रिगेड मेजर अँटिल हा ऑस्ट्रेलियनच होता. स्वतःच्या अधिकाऱ्याची चूक पाहण्यापेक्षा साम्राज्याला दोष देणे राष्ट्रीय भावनेला अधिक सोयीचे ठरले. याच गॅलिपोलीत शीख आणि गुरखा पलटणी लढल्या. ४ जून १९१५ च्या एका दिवसात १४ व्या शीख पलटणीचे बहुसंख्य सैनिक ठार वा जखमी झाले. जगभरच्या प्रेक्षकाच्या मनात मात्र गॅलिपोली म्हणजे ऑस्ट्रेलिया, हे समीकरण दृढ झाले.

दुसरी रीत, चौकट लहान करण्याची. रिडली स्कॉट यांच्या २००१ च्या ‘ब्लॅक हॉक डाउन’ने ३ व ४ ऑक्टोबर १९९३ च्या मोगादिशूतील चकमक विलक्षण कौशल्याने उभी केली. त्यात १८ अमेरिकन सैनिक मरण पावले. मारल्या गेलेल्या सोमालींचे अंदाज तीनशेपासून हजारापर्यंत आहेत. पडद्यावर ते केवळ गर्दी म्हणून येतात. आदल्या जुलैत अमेरिकन हेलिकॉप्टरांनी एका घरात जमलेल्या सोमाली प्रमुखांवर केलेल्या हल्ल्यानंतर शहर का पेटले, हे चित्रपट सांगत नाही. जागेवरील सेनाधिकाऱ्यांनी मागितलेले रणगाडे वॉशिंग्टनने नाकारले होते, ही बाब एका ओझरत्या वाक्यात येते. त्यावरून टीकेस पात्र झालेले संरक्षणमंत्री लेस अ‍ॅस्पिन यांनी डिसेंबर १९९३ मध्ये पायउतार होण्याचे जाहीर केले, ही बाब येत नाही. अडकलेल्या सैनिकांना बाहेर काढण्यासाठी गेलेल्या मलेशियन व पाकिस्तानी तुकड्यांचे स्थानही अगदी तुटपुंजे आहे. मुशर्रफ यांनी आत्मचरित्रात त्याबद्दल नाराजी नोंदविली, तर मलेशियाने २०२३ मध्ये स्वतःचा चित्रपट काढला. ज्या संरक्षण खात्याकडून हेलिकॉप्टर आणि वैमानिक मिळाले, त्याच्याच वरिष्ठांचा हिशेब चित्रपटाने मागावा, ही अपेक्षाही थोडी भाबडीच होय.

नामका चू पडद्यावर का नाही?

हा प्रश्न भारतीय प्रेक्षकालाही परका नाही. १९६२ च्या पराभवानंतर दोनच वर्षांनी, १९६४ मध्ये, चेतन आनंद यांनी ‘हकीकत’ काढला. लडाखच्या उघड्या डोंगरांत चित्रित झालेल्या या चित्रपटाने घायाळ झालेल्या देशाच्या मनावर फुंकर घातली, हे त्याचे ऋण मान्य केलेच पाहिजे. मेजर शैतान सिंग आणि १३ कुमाऊँच्या तुकडीने १८ नोव्हेंबर १९६२ रोजी रेझांग ला येथे दिलेली झुंज पुढेही चित्रपटांना विषय पुरवीत राहिली. २०२५ चा ‘१२० बहादुर’ हा तिच्यावरच आधारलेला आहे. ही झुंज पडद्यावर यावी, यात गैर काहीच नाही. पण त्या युद्धातील खरी वाताहत ईशान्येस, त्या वेळच्या नेफात झाली. नामका चू नदीच्या खोऱ्यात, उंचावर बसलेल्या शत्रूच्या पायथ्याशी, ब्रिगेडियर दळवी यांची ब्रिगेड पुरेसे गरम कपडे, दारूगोळा आणि तोफा यांवाचून उभी करण्यात आली. दळवी यांनी धोका दाखवूनही वरून आलेला हुकूम कायम राहिला. २० ऑक्टोबरच्या एका सकाळी ती ब्रिगेड मोडली. दळवी कैद झाले आणि त्यांनी १९६९ मध्ये ‘हिमालयन ब्लंडर’ लिहिले. नोव्हेंबरात से ला आणि बोमडिला ही ठाणीही ढासळली. या प्रकरणाला चित्रपटात कोणी हात घातल्याचे दिसत नाही, कारण तेथे शत्रूचा विश्वासघात एवढेच उत्तर पुरणार नाही. तेथे हुकूम कोणी दिला, हे विचारावे लागेल.

ते विचारण्याचा प्रयत्न शासनाने एकदा केला होता. कृष्ण मेनन यांच्यानंतर संरक्षणमंत्री झालेले यशवंतराव चव्हाण यांनी २ सप्टेंबर १९६३ रोजी संसदेत नेफाविषयीच्या चौकशीचे सार मांडले. हिमालयाच्या हाकेला सह्याद्री धावला, हे वाक्य महाराष्ट्राला पाठ आहे. या निवेदनाचा आशय मात्र फारसा कोणाच्या लक्षात नाही. ब्रिगेडपर्यंतचे नेतृत्व, अपवाद वगळता, आपल्या कामास पुरे पडले आणि उणिवा अधिक ठळक झाल्या त्या त्याहून वरच्या पातळीवर, असा तो आशय होता. आर्नहेम, गॅलिपोली आणि मोगादिशू यांचे सारही याहून निराळे नाही. परंतु हेंडरसन ब्रुक्स आणि भगत यांचा मूळ अहवाल शासनाने अधिकृतपणे प्रसिद्ध केला नाही. त्याचा काही भाग २०१४ मध्ये बाहेर आला तो एका परदेशी पत्रकाराकडून.

येथेच भारत आणि ब्रिटन यांच्या परिस्थितीतील फरक स्पष्ट होतो. ‘अ ब्रिज टू फार’मध्ये माँटगोमेरी दिसत नाहीत म्हणून ब्रिटिश वाचकाचे काही बिघडत नाही. कागदपत्रे खुली आहेत, इतिहासकार भांडत आहेत, आणि चित्रपटाने सोडलेली जागा ग्रंथालयात भरून निघते. जेथे अहवालच कुलूपबंद असतो, तेथे चित्रपटाला इतिहासाची गादी आपोआप मिळते. मग पुढच्या पिढीला पराभवातून शौर्याचा वारसा मिळतो, पण चुकांचा धडा मिळत नाही, आणि त्याच चुकांची किंमत पुन्हा डोंगरावर उभ्या असलेल्या जवानाला मोजावी लागते.

चित्रपट म्हणजे चौकशी-समिती नव्हे आणि त्याने ती व्हावे, असा आग्रह धरणेही बरोबर नाही. पण प्रेक्षकाने हिशेब विचारावयास हरकत नसावी. धोक्याची सूचना कोणी दिली होती आणि तिचे काय झाले? या मोहिमेसाठी साधने कोणत्या कामातून काढून घेतली गेली? आणि जी किंमत पडद्यावर दिसली नाही, ती कोणी मोजली? चित्रपटगृहातून बाहेर पडल्यावर या प्रश्नांची उत्तरे शोधावयास जाण्यासाठी नागरिकाला एखादे दार उघडे असले पाहिजे. ते उघडण्याचे काम दिग्दर्शकाचे नव्हे, शासनाचे आहे. आणि ज्यांच्या नावाने चित्रपट निघतात त्या सैनिकांचे ते देणे साठ वर्षे उलटल्यावरही फिटलेले नाही.