आधी बिऱ्हाड, मग घर

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण ज्या काळी रूढ झाली, त्या काळी घर बांधणारा आणि त्याचे गाव यांची ओळख पिढ्यानपिढ्यांची असे. विहिरीस पाणी कोठे लागेल, पावसाळ्यात ते कोठवर चढते, शेजार कसा आहे, हे कोणास विचारावे लागत नसे. आता मुले नोकरीनिमित्त दूर जातात; आणि जेथे चार माणसेही ओळखीची नाहीत अशा शहरी आयुष्याची पुंजी घालून घर घ्यावे की न घ्यावे, हा प्रश्न ओसरीवर येऊन बसतो. आमच्या घरी तो २०२३ च्या चैत्रात आला.

आमचे सानगडी गाव भंडारा जिल्ह्यातील साकोली तालुक्यात. जुना किल्ला, तलाव आणि भोवती धानाच्या बांध्या, असा आमचा परिसर. पुतण्यास नागपुरास नोकरी लागली. नागपूर येथून शंभराहून अधिक किलोमीटर दूर. दवाखाना, कोर्टकचेरी आणि लग्नाची खरेदी यांसाठी आम्ही तेथे अनेकदा गेलो होतो. परंतु जाऊन येणे निराळे आणि राहणे निराळे. नाग नदीकाठच्या एका वस्तीतील तळमजल्याचे घर त्याच्या मनात भरले. आजीला जिने चढावे लागू नयेत, हा त्यातील त्याचा हेतू. विक्रेत्याने अक्षय्य तृतीयेस विसार मागितला, आणि रकमेसाठी दोन बांध्या विकाव्यात, असे दादांच्या मनाने घेतले.

सारे बोलून झाल्यावर आईने एकच विचारले, “पावसाळ्यात तिथलं पाणी कुठं जातं रे?” पुतण्यास उत्तर देता येईना. तलावांच्या मुलखात जन्म गेलेल्या बाईचा तो प्रश्न होता. त्यावर वहिनींनी तोड सुचविली, की एक वर्ष भाड्याने बिऱ्हाड करावे. एक उन्हाळा आणि एक पावसाळा त्या शहरात काढावा, आणि मग ठरवावे.

भाडे म्हणजे पाण्यात गेलेला पैसा, असे दादांचे मत. म्हणून आम्ही हिशेब मांडला. समजा, ४५ लाखांचे कर्ज साडेआठ टक्के व्याजाने काढले, तर पहिल्या वर्षीचे व्याजच सुमारे ३ लाख ८० हजार होते. दरमहा १५ हजार भाडे धरले, तर वर्षाचे १ लाख ८० हजार. वर्षभरात घरांच्या किमती वाढू शकतात, ही भीती खोटी नव्हे. परंतु चुकीचे घर विकून दुसरे घ्यावयाचे, तर मुद्रांक शुल्क, नोंदणी आणि दलाली यांचा भुर्दंड पुन्हा पडतो. वर्षाचे भाडे ही आमच्या अज्ञानाची फी होती, आणि ती जबर नव्हती.

विसार दिला नाही. जूनमध्ये बिऱ्हाड थाटले. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात अतिवृष्टी झाली, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले. पुढच्या आठवड्यात पुतण्या ते घर पाहावयास गेला, तेव्हा भिंतींवर कमरेइतकी ओल होती आणि लोक भिजलेल्या गाद्या रस्त्यावर वाळवीत होते. आईच्या प्रश्नाचे उत्तर असे मिळाले. ज्या खोलीत तिचा पलंग ठेवावयाचा होता, ती खोली त्या पहाटे पाण्यात होती.

नवख्यास न दिसणाऱ्या गोष्टी आणखीही असतात. नागपूर सुधार प्रन्यास १९३६ च्या कायद्यान्वये स्थापन झाला. तथापि शहर त्याच्या आखणीपेक्षा वेगाने पसरले आणि मंजुरीवाचून शेकडो लेआउट पडले. ‘५७२’ आणि ‘१९००’ हे आकडे तेथील मनुष्य सहज उच्चारतो. ते या अनधिकृत लेआउटांचे होत. पुढे २००१ च्या गुंठेवारी कायद्याने अशा भूखंडांस नियमित होण्याची वाट मिळाली, आणि २०२१ च्या दुरुस्तीने ती ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांस खुली झाली. म्हणून भूखंड नियमित झाल्याचे पत्र, आखीव पत्रिका, मंजूर नकाशा व भोगवटा प्रमाणपत्र प्रत्यक्ष पाहावे, आणि वकिलाकडून मागील ३० वर्षांच्या व्यवहारांचा शोध घ्यावा. नवीन इमारतीस २०१६ चा रेरा कायदा लागू असेल, तर नोंदणीकृत करारनाम्यापूर्वी किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम बांधकाम व्यावसायिकास घेता येत नाही. मुहूर्ताची घाई करणाऱ्यास हे नम्रपणे सांगावे.

एकत्र कुटुंबास आणखी एक विचार अवश्य आहे. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलीसही मुलाप्रमाणे जन्मतः हक्क आला. त्यासाठी २००५ साली वडील हयात असणे आवश्यक नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. बांध्या विकण्याची बोलणी चालली असता आमच्या दोघी बहिणींस कोणी विचारलेही नव्हते. नंतर विचारले, तेव्हा धाकटी म्हणाली, “मला पैसा नको, दादा. पण विकायच्या आधी विचारलं असतं तर बरं वाटलं असतं.” दादा काही बोलले नाहीत. परंतु बांध्यांचा विषय त्यांनी त्या दिवसापासून काढला नाही.

पुतण्याने २०२४ च्या पावसाळ्यानंतर उंचवट्यावरच्या वस्तीत दुसऱ्या मजल्यावरचे लहानसे घर घेतले. उद्वाहन आहे, तळमजल्याची आवश्यकता राहिली नाही. कर्ज बेताचे, आणि घर पती-पत्नी दोघांच्या नावे आहे. आई तेथे महिनाभर राहून रोवणीच्या आधी परत आली. तिचे मन बांध्यांत आहे, आणि बांध्या अजून आमच्या आहेत.

आमचा अनुभव सर्वांस लागू पडेल असे नाही. कोणास बदली वरचेवर होते, कोणास भाड्याचे घर मिळत नाही. तथापि वाचकांस एवढे सुचवावेसे वाटते, की विक्रेत्यास किंमत विचारण्यापूर्वी शेजाऱ्यास पावसाळा विचारावा, आणि घरची जमीन विकण्यापूर्वी घरच्या मुलींस विचारावे.